व्हेरिएबलची नोंद आधी करायची की नाही? एका खोट्या गोष्टीमागचा खरा इतिहास

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. इंजिनिअरिंग, बीसीएस, एमसीए असं काही करून जे बाहेर पडलेत त्यांनी ती ऐकली असणारच. अमेरिकेने १९६२ साली शुक्राकडे एक यान सोडलं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं. यान भरकटलं, आकाशातच उडवून द्यावं लागलं. मग सर फळ्याकडे वळून म्हणतात, बघा, एका टिंबाने काय होतं ते.

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. यान खरं आहे, टिंबही खरं आहे. दोघांची गाठ मात्र कधी पडलेली नाही. आणि या गोष्टीच्या आडून जो वाद गेली साठेक वर्षं चाललाय तो असा: प्रोग्रॅममध्ये एखादं नाव वापरण्याआधी ते नोंदवायची सक्ती भाषेने करावी की नाही? ऐकायला हा प्रश्न पुण्या-बंगळुरूच्या एसी ऑफिसातला वाटतो. तसा तो नाही. आमच्याच जिल्ह्यात एका पतसंस्थेतल्या क्लार्कची नोकरी या प्रश्नावर टांगली गेली होती, ते खाली येईलच. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. स्वयंपाकघरातल्या फळीवर 'साखर', 'मीठ', 'रवा' अशा चिठ्ठ्या लावलेले डबे असतात तसा. काही भाषांचा नियम असा की फळीवर कुठकुठले डबे असणार त्याची यादी आधी द्या. यादीत नसलेलं नाव घेतलंत तर काम तिथेच थांबेल. याला डिक्लेअर करणं म्हणतात. पुस्तकी शब्द 'घोषणा', पण घोषणा म्हटलं की आपल्याकडे वेगळंच काहीतरी डोळ्यापुढे येतं, म्हणून मी 'नोंद' म्हणतो. दुसऱ्या काही भाषा म्हणतात, यादीबिदी कशाला, तुम्ही नाव घ्या, डबा आम्ही ठेवतो. तुम्ही घाईत 'साखर'ऐवजी 'साकर' म्हणालात तर ती भाषा चकार शब्द काढत नाही. 'साकर' नावाचा एक कोरा डबा फळीवरून काढून तुमच्या हातात देते. डबा रिकामा, चहा फिका, आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता इतिहास.

आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये एक काम हाती घेतलं: गणिती सूत्रं माणसाला समजतील अशी लिहायची आणि ती मशीनच्या भाषेत उतरवण्याचं काम मशीनकडूनच करून घ्यायचं. १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या मशीनसाठी ती भाषा बाहेर आली, फोरट्रान. तिच्यात साध्या आकड्यांची नावं नोंदवायची गरजच नव्हती. नियम एवढाच: नाव आय ते एन यांतल्या अक्षराने सुरू झालं तर त्या डब्यात पूर्णांक, बाकी कुठल्याही अक्षराने सुरू झालं तर दशांश. गणिताच्या वहीत आपण मोजणीसाठी आय, जे, के, एन हीच अक्षरं वापरतो, तिथून हे आलं. जुन्या लोकांत त्यावर एक विनोद चालतो: देव खरा आहे, जोवर कोणी त्याची पूर्णांक म्हणून नोंद करत नाही तोवर. (गॉडचं पहिलं अक्षर जी, आणि दशांश संख्येला फोरट्रानमध्ये 'रिअल' म्हणतात.)

त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सूत्र लिहा आणि मशीन ते चालवील, हेच तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होतं. शिवाय प्रोग्रॅम म्हणजे कार्डांचा गठ्ठा होता. एक ओळ, एक कार्ड, ऐंशी रकाने. आपण कागदावर लिहायचं, ते पंचिंगवाल्यांकडे द्यायचं, मग गठ्ठा रांगेत लावायचा. आपल्याकडेही हेच होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मशीन आलं, तिथे फोरट्रानच चालायची, आणि गठ्ठा दिला की उत्तराची वाट बघत बसायचं. अशा काळात यादीची चार कार्डं वाचली तर कुणालाही बरंच वाटणार. पण मला यात एक उलटा न्याय दिसतो. लिहिणारा एक, पंच करणारा दुसरा, आणि चूक कळायला अख्खा दिवस, म्हणजे नावातला एक अक्षराचा घोळ सगळ्यात जास्त महाग पडणार तो तेव्हाच. आणि नेमकी तेव्हाच नाव तपासायची सोय नव्हती.

फोरट्रानची आणखी एक खोड होती: ओळीतल्या मोकळ्या जागा ती मोजायचीच नाही. समजा तुम्ही लिहिलं, 'डू १० आय = १,१०'. अर्थ असा की दहा नंबरच्या ओळीपर्यंतचं काम आय एकपासून दहापर्यंत नेत दहा वेळा कर. आता स्वल्पविरामाच्या जागी टिंब टाका. मोकळ्या जागा गेल्या, उरलं 'डू१०आय = १.१०'. म्हणजे 'डू१०आय' नावाच्या डब्यात एक दशांश दहा ठेव. असा डबा कुणी मागितला होता का? नाही. पण नोंदीची सक्तीच नाही म्हटल्यावर भाषेने तो मुकाट्याने बनवला. दहा वेळा व्हायचं काम एकदाच झालं आणि प्रोग्रॅम पुढे गेला.

हे टिंब काल्पनिक नाही. नासात १९६३ च्या सुमाराला कक्षा मोजण्याच्या एका प्रोग्रॅममध्ये अगदी हीच चूक सापडल्याचं तिथे काम केलेल्या एका प्रोग्रॅमरने पुढे सांगितलं आहे. तो प्रोग्रॅम मर्क्युरी मोहिमांत वापरून झाला होता. उत्तरं कामापुरती ठीक येत होती. जास्त अचूक उत्तर लागायला लागलं तेव्हा कुणीतरी आत डोकावून पाहिलं आणि टिंब दिसलं. यान पडलं नाही, कुणी दगावलं नाही. चूक आत होती आणि गाडी चालू होती.

मग मरिनरचं काय झालं?

२२ जुलै १९६२ ला केप कॅनव्हरलहून मरिनर १ उडालं. रॉकेटला दिशा देणारं गणित जमिनीवरच्या कॉम्प्युटरवर चालायचं आणि आज्ञा रेडिओने वर जायच्या. ते गणित आधी हाताने लिहिलेलं होतं. त्यात एका चिन्हाच्या डोक्यावर एक आडवी रेघ हवी होती. रेघेचा अर्थ असा की हा आकडा येईल तसा घेऊ नका, सरासरीने गुळगुळीत करून घ्या. उतरवून घेताना ती रेघ राहून गेली. त्यात रॉकेटवरची रेडिओ यंत्रणाही त्या दिवशी नीट चालत नव्हती. त्यामुळे आकड्यांतली किरकोळ थरथर कॉम्प्युटरला मोठं संकट वाटली, तो नको तिथे दुरुस्त्या करत सुटला आणि रॉकेट वाकडंतिकडं व्हायला लागलं. २९३ व्या सेकंदाला सुरक्षा अधिकाऱ्याने ते नष्ट करायची आज्ञा दिली. वर्तमानपत्रांत रेघेचं हायफन झालं, आर्थर सी. क्लार्कने पुढे त्याला इतिहासातलं सगळ्यात महागडं हायफन म्हटलं, आणि मग तोंडातोंडी कधीतरी हायफनचं टिंब झालं. (पाच आठवड्यांनी जुळं यान मरिनर २ उडालं आणि १४ डिसेंबरला शुक्राजवळून सुखरूप गेलंही. ते मात्र वर्गात कुणी सांगत नाही.)

नीट बघा: रेघ असलेलं सूत्र आणि रेघ नसलेलं सूत्र, दोन्ही गणित म्हणून शुद्धच. नावं नोंदवायची कितीही सक्ती केली असती तरी ही चूक पकडली गेली नसती.

आता या गोष्टीचा पुढचा भाग ऐका. १९६० च्या जानेवारीत पॅरिसमध्ये युरोप आणि अमेरिकेतले तेरा जण जमले आणि त्यांनी अल्गोल ६० ही भाषा पक्की केली. डेन्मार्कच्या पीटर नॉरने तिचा अहवाल संपादित केला. अल्गोलमध्ये प्रत्येक नाव नोंदवणं सक्तीचं होतं. आणि ही नोंद दोन कामं करायची. एक, या डब्यात काय राहणार, पूर्णांक की दशांश की खरं-खोटं. दोन, हे नाव कुठून कुठपर्यंत चालणार. 'बिगिन' आणि 'एन्ड' यांच्या मधे नोंदवलेलं नाव तिथल्यापुरतंच. शेजारच्या भागात तेच नाव दुसऱ्या कुणाचं असू शकतं, जसे एका गावात दोन पांडुरंग असतात आणि वाडीवरून ओळखले जातात. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अल्गोलचा सांभाळ करायला पुढे एक आंतरराष्ट्रीय गट नेमला गेला. त्यात टोनी होअर होता. जन्म कोलंबोचा, क्विकसॉर्ट ही पद्धत शोधणारा, कॉम्प्युटरशास्त्रातला फार मोठा माणूस. प्रोग्रॅममधल्या चुका कशा टाळाव्यात यावर ज्याने आयुष्य घालवलं, त्या होअरने त्या गटात सुचवलं की अल्गोलची नोंदीची सक्ती जरा सैल करू या, फोरट्रानसारखी काहीतरी सोय ठेवू या. बाकीच्यांनी ते नम्रपणे पण ठाम नकार देऊन परतवलं. त्यांचं म्हणणं, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते हीच अल्गोलची खरी राखण आहे. हे होअरने स्वतःच १९८० च्या आपल्या टुरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितलं, आपण चकित झालो होतो हेही सांगितलं, आणि अखेर आपल्याला ते पटलं हेही. मोठेपणा आहे यात. आणि त्याच परिच्छेदात, आपला मुद्दा पक्का करायला त्याने दाखला कुठला दिला? शुक्राकडे निघालेलं मरिनर फोरट्रानमध्ये नोंदीची सक्ती नव्हती म्हणून गमावलं, हा.

म्हणजे बाजू बरोबर आणि साक्षीदार खोटा. आणि एवढ्या मोठ्या माणसाने व्यासपीठावरून साक्ष दिल्यावर मग कोण तपासतो? गोष्ट पाठ्यपुस्तकांत, वर्गांत, आता व्हॉट्सॲपवर फिरतेच आहे.

काही मित्र म्हणतात, असू दे ना, धडा तर योग्यच जातो. मला हे पटत नाही. या गोष्टीमुळे लोकांच्या मनात असं बसतं की नाव न नोंदवण्याची चूक म्हणजे धडाम आवाज, धूर, चौकशी समिती. खरी चूक तशी नसतेच. नासातलं ते टिंब मोहिमांमागून मोहिमा आत बसून होतं आणि उत्तरं जवळपास बरोबर येत होती. न नोंदवलेल्या नावाचं खरं भय हेच आहे, की ते आवाज करत नाही. जवळपास बरोबर दिसणारा आकडा देतं, आणि त्या आकड्याखाली सही कुणा तिसऱ्याची असते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो पुनःपुन्हा तोच आहे.

१ मे १९६४ ला पहाटे डार्टमथ कॉलेजात बेसिकचा पहिला प्रोग्रॅम चालला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांना ती भाषा विज्ञानाबाहेरच्या मुलांसाठी हवी होती, त्यामुळे नोंदीची कटकट नाही. आणि त्या वेळी ते योग्यच होतं असं मी म्हणेन. मूळ बेसिकमध्ये नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि पुढे एक अंक. सगळी मिळून नावं २८६. दहा-वीस ओळींचा प्रोग्रॅम, एका अक्षराची नावं, त्यात स्पेलिंग चुकवणार तरी काय? पुढे नावं लांब झाली, प्रोग्रॅम हजारो ओळींचे झाले, आणि सवय मात्र २८६ नावांच्या काळातलीच राहिली. त्याच केमेनी आणि कर्ट्झ यांनी ऐंशीच्या दशकात ट्रू बेसिक काढलं, त्यात नावांची नोंद सक्तीची करणारी एक ओळ दिली. तिचं नाव काय ठेवावं? 'ऑप्शन टायपो'. याहून प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेलं नाही.

भारतात शाळकरी मुलांना कॉम्प्युटर दाखवणारा 'क्लास' प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला, तो बीबीसी मायक्रो या मशीनवर. बीबीसी बेसिकमध्ये ज्यात कधी काही ठेवलेलंच नाही असं नाव वाचायला गेलात तर ते सरळ सांगायचं, असं व्हेरिएबल नाही. पीसीवरचं जीडब्ल्यू-बेसिक मात्र गुपचूप शून्य द्यायचं. एकाच पिढीतल्या दोन मुलांनी 'बेसिक' शिकलं, एकाला मशीनने टोकलं, दुसऱ्याला नाही. पुढे आमच्या वाट्याला टर्बो सी आलं, निळा पडदा आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. सी या बाबतीत कडक. नाव नोंदवलं नाही तर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणून तोंडावर आपटायची. तरी तिच्यातही गंमत होतीच: नाव नोंदवायचं पण आत काही ठेवायचं विसरलात, तर पूर्वीच्या भाडेकरूचा जो काही कचरा पडला असेल तोच हातात यायचा.

फोरट्रानवाल्यांनाही उपरती झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७८ मध्ये आपल्या एका मानकात 'इम्प्लिसिट नन' ही ओळ आणली. ती वर लिहिली की प्रत्येक नाव नोंदवावं लागतं. फोरट्रान ९० मध्ये ती अधिकृत झाली. पण आजही ती ओळ लिहिली नाही तर आय ते एनचा तो १९५७ चा नियम लागू आहेच. फोरट्रान मेली असं कुणाला वाटत असेल तर पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'प्रत्युष' महासंगणकाकडे बघा. मान्सूनच्या अंदाजाची जी मॉडेलं तिथे वापरली जातात त्यांचा बराच मोठा भाग फोरट्रानमध्ये आहे.

पर्लमध्ये तेच. १९८७ ला मोकळी भाषा म्हणून आली, १९९४ च्या पर्ल ५ मध्ये 'यूज स्ट्रिक्ट' आलं. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केली. तिच्यात न नोंदवलेल्या नावात काही ठेवलं की ते अख्ख्या पानाच्या मालकीचं होतं, कुणीही येऊन हात घालावा. चौदा वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, तिथेही 'यूज स्ट्रिक्ट' आलं. पायथनने मधला रस्ता धरला: कधीच न भरलेलं नाव वाचलंत तर ती ओरडते, पण भरताना स्पेलिंग चुकलंत तर नवा डबा तयार. म्हणजे अर्धी राखण. आता सीबीएसईच्या अकरावी-बारावीत पायथनच शिकवतात, तेव्हा हे मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं बरं.

एकामागून एक इतक्या भाषांनी आधी मोकळीक दिली आणि मागाहून सक्तीची सोय आणली. उलट, सक्ती होती आणि कंटाळून पूर्ण काढून टाकली असं एकही मोठं उदाहरण मला आठवत नाही. हे पुरेसं बोलकं आहे.

तरी मोकळीकवाल्यांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते झटकून टाकू नये. त्यांची चीड बहुतेक वेळा नोंदीवर नसते, लांबलचक नोंदीवर असते. हा डबा कसला, त्यात काय मावेल, काय नाही, हे दर वेळी तीन-तीनदा लिहायला लावणाऱ्या भाषा होत्या आणि आहेत. इथे अल्गोलच्या नोंदीची ती दोन कामं आठवा. नाव आहे हे सांगणं वेगळं, आणि त्यात काय आहे हे सांगणं वेगळं. एडिंबरामध्ये रॉबिन मिलनरने सत्तरच्या दशकात एमएल भाषा केली, तिने दाखवून दिलं की नाव माणसाने सांगावं, आत काय आहे ते मशीन स्वतः ओळखतं. आज गो, स्विफ्ट, रस्ट या भाषा त्याच वाटेने चालतात. स्विफ्ट आणि रस्टमध्ये 'लेट' एवढं तीन अक्षरी लिहायचं, झाली नोंद. तीन अक्षरांचं ओझं होतं असं जर कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

आता पतसंस्था. नाव सांगत नाही, विचारूही नका.

एक्सेलमध्ये जी मॅक्रोची भाषा असते, व्हीबीए, ती बेसिकच्याच घराण्यातली. तिच्यात 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' ही ओळ वर लिहिली तर नावांची नोंद सक्तीची होते. नाही लिहिली तर नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये व्हिज्युअल बेसिकचा नवा अवतार काढला तेव्हा ही सक्ती मुळातच चालू ठेवली. पण एक्सेलमधल्या जुन्या भाषेत ती आजही मुळात बंद असते. कारण सरळ आहे, चालू केली तर जगातल्या जुन्या फायली अडतील. परिणाम असा की जे पूर्णवेळ प्रोग्रॅमर आहेत त्यांना राखण मिळाली. आणि सोसायटीचा सचिव, शाळेतला लिपिक, कारखान्याच्या टाइम ऑफिसमधला माणूस, ज्यांना राखणीची जास्त गरज, ते तसेच उघड्यावर राहिले.

तर या पतसंस्थेत थकीत कर्जांचा हिशेब एका मॅक्रोवर चालायचा. एका हुशार पोराने केलेला, तो पुढे पुण्याला गेला. बटण दाबलं की प्रत्येक कर्जाचं मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि एकूण येणे समोर. लेखापरीक्षणात निघालं की तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या सगळ्या कर्जांना दंडव्याज लागलेलंच नाही. कमी थकलेल्यांना लागलंय, जास्त थकलेल्यांना माफ. आणि जास्त थकलेले कोण असतात हे गावात कुणाला सांगायला नको. दोन वर्षं हे चाललं होतं, कारण ज्याचं दंडव्याज कमी येतं तो तक्रार घेऊन येत नाही. संशय बटण दाबणाऱ्यावर गेला. वसुलीचा क्लार्क, पंधरा वर्षं नोकरी झालेली, संचालकांच्या पाहुण्यांना सांभाळून घेतो अशी कुजबुज सुरू झाली. कारणे दाखवा नोटीस निघाली. त्याला प्रोग्रॅम काय असतो हेही ठाऊक नव्हतं, तो उत्तरात लिहिणार काय? त्याने आपली बँकेची पासबुकं जोडली होती उत्तराला.

एका ओळखीच्या संचालकाने मला फाइल बघायला बोलावलं. मी फार काही केलं नाही. वर ती एक ओळ लिहिली, 'ऑप्शन एक्स्प्लिसिट', वरच्या यादीत ज्या नावांची नोंद नव्हती ती एकेक करून घालत गेलो, आणि थोड्याच वेळात मशीन एका नावाशी अडलं. दंडव्याज. हे मराठी नाव रोमन अक्षरांत लिहिलेलं होतं. एका ठिकाणी 'डी'नंतर 'ए' होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. तीन महिन्यांच्या पुढच्या भागात दंडव्याज ज्या नावात भरलं जात होतं, बेरजेत घेतलं जाणारं नाव त्याहून एका अक्षराने वेगळं. प्रत्येक कर्जासाठी हिशेब नव्याने बोलावला जायचा, त्यामुळे बेरजेतला डबा दर वेळी रिकामा, आणि रिकामा डबा बेरजेत शून्य.

इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं तर डोळ्याला खटकतं तरी. आपण मराठी नावं रोमनमध्ये लिहितो त्याला स्पेलिंगच नाही. व्याज, दिनांक, थकबाकी, प्रत्येक शब्द दोन-तीन तऱ्हेने लिहिता येतो आणि सगळ्या तऱ्हा बरोबर. म्हणजे हा वाद पॅरिसमध्ये बसून निकाली काढणाऱ्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

नोटीस मागे घेतली गेली, लेखी. कमी लागलेली दंडव्याजं नव्याने काढली, त्यातली काही वसूल झाली, काहींवरून अजून वाद चालू आहे. त्या क्लार्कशी दोन वर्षं नीट न बोललेले लोक आता बोलतात की नाही, मी विचारलेलं नाही.

ज्यांच्या संस्थेत, सोसायटीत, शाळेत पैशाचा हिशेब मॅक्रोवर चालतो त्यांच्यासाठी आता कामाचं. फाइलची एक प्रत काढून ठेवा. एक्सेल उघडून ऑल्ट आणि एफ११ एकत्र दाबा. टूल्स मेनूत ऑप्शन्समध्ये 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लेरेशन' असा चौकोन आहे, तिथे खूण करा. ही खूण फक्त यापुढे तयार होणाऱ्या नव्या पानांना लागू होते. जुन्या प्रत्येक मॉड्यूलच्या अगदी वर ती ओळ हातानेच लिहावी लागते. मग डीबग मेनूतलं कंपाइल दाबा. ज्या नावाची नोंद नाही तिथे ते थांबेल, एका वेळी एकच. पहिल्यांदा बरीच नावं निघतील, घाबरू नका, बहुतेक निरुपद्रवी असतात. पण दुरुस्त करायच्या आधी प्रत्येक नाव आणि ते कुठल्या ओळीत होतं हे कागदावर उतरवून, तारीख घालून ठेवा. पुढे लेखापरीक्षक आले तर तो कागद लागतो.